मण्यांचा झगा आणि करवती काठ
१९२० च्या दशकात स्त्रीवेश जगभर बदलला. पॅरिसच्या झगमगत्या झग्यांपासून भंडारा जिल्ह्यातील कोष्ट्यांच्या मागापर्यंत या बदलाचा मागोवा

पहिले महायुद्ध संपल्यानंतरची दहा वर्षे ही स्त्रीवेशाच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीची वर्षे होत. युरोप-अमेरिकेतील तरुणींनी कंबर आवळणारे कॉर्सेट टाकून दिले, केस मानेपर्यंत कापले आणि पायघोळ झग्याची किनार पोटरीवर, पुढे गुडघ्यापर्यंत आणली. या तरुणींना इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘फ्लॅपर’ म्हटले. संध्याकाळच्या मेजवानीला त्या जो मण्यांनी मढवलेला आखूड झगा घालत, तो त्या युगाचे प्रतीक ठरला.

याच दशकात महाराष्ट्रातही स्त्रीचे वस्त्र बदलत होते. नऊवारी लुगड्याच्या जोडीला पाचवारी गोल पातळ येत होते. गिरणीचे कापड, परदेशी शिफॉन आणि खादी यांत जणू चढाओढ लागली होती. या सगळ्याचा परिणाम ज्यांच्या पोटापाण्यावर होत होता, ते विणकर पॅरिसच्या चित्रात कोठेच दिसत नाहीत. तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्हा रेशीमकाठी वस्त्रांसाठी आणि कोशाच्या रेशमासाठी ओळखला जात असे. फॅशनच्या इतिहासात पोशाख नेसणाऱ्यांची नावे उरतात. तो घडवणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर या दशकाचा अर्थ बराच निराळा लागतो.

फ्लॅपर कोण होती?

पंख फडफडवून उडू पाहणारे पिलू, असा ‘फ्लॅपर’ या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ आहे. महायुद्धापूर्वी तो अल्लड वयातील मुलींसाठी वापरला जात असे. १९२० मध्ये ‘द फ्लॅपर’ या नावाचा अमेरिकी मूकपट आला, त्याच वर्षी स्कॉट फिट्झजेराल्डचा ‘फ्लॅपर्स अँड फिलॉसॉफर्स’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि शब्दाला नवा अर्थ चिकटला. फ्रान्समध्ये व्हिक्टर मार्गरिट याच्या १९२२ मधील ‘ला गार्सोन’ या कादंबरीच्या नावावरून अशा तरुणीला ‘गार्सोन’ म्हणू लागले.

या बदलामागे केवळ हौस नव्हती. युद्धकाळात लाखो स्त्रिया कारखान्यांत, कचेऱ्यांत, वाहतुकीत कामाला लागल्या होत्या. धावपळीच्या कामात कॉर्सेट आणि पायघोळ घेर अडचणीचे होते. अमेरिकेत १९२० मध्ये स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. ब्रिटनमध्ये १९१८ मध्ये तो तीस वर्षांवरील, ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रियांपुरता होता. १९२८ मध्ये तो पुरुषांच्या बरोबरीने मिळाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला ‘फ्लॅपर व्होट’ असे उपहासाने संबोधले. आखूड झग्याकडे त्या काळचे लोक ज्या रागाने पाहत, त्यात या हक्कांविषयीचा रागही मिसळलेला होता.

सरळ झगा, जड मणी

मण्यांच्या झग्याची बेतणी अगदी साधी होती. खांद्यावरून सरळ खाली उतरणारा, बाह्या नसलेला, कंबरेची रेषा नितंबांपर्यंत खाली आणलेला तो एक लांबट चौकोन असे. शिवणी कमी असल्याने कापडाचा मोठा सपाट भाग सजावटीला मोकळा मिळे. कापड मात्र अतिशय झिरझिरीत, म्हणजे रेशमी शिफॉन, जॉर्जेट किंवा जाळी. त्यावर काचेचे बारीक मणी, काचेच्या नळ्या आणि टिकल्या यांची दाट वेलबुट्टी केली जाई. पूर्ण मढवलेला झगा हातात घेतल्यावर त्याच्या वजनाचे आश्चर्य वाटते. काही झगे किलोंत मोजावे लागत.

मणीच का, याची दोन सरळ कारणे होती. शहरांतील मेजवान्यांची दालने आता विजेच्या दिव्यांनी उजळत होती आणि त्या प्रकाशात काच लखलखत असे. शिवाय १९२३ पासून लोकप्रिय झालेल्या चार्ल्स्टनसारख्या चपळ नृत्यांत मण्यांच्या झालरी प्रत्येक हालचालीबरोबर डोलत. नोव्हेंबर १९२२ मध्ये इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि कमळे, भुंगे, पिरॅमिड यांची नक्षी झग्यांवर अवतरली. १९२५ च्या पॅरिसमधील सजावटी कलांच्या प्रदर्शनाने भौमितिक आकारांची लाट आणली. पुढे त्या शैलीला ‘आर्ट डेको’ हे नाव मिळाले.

मणी येत ते प्रामुख्याने बोहेमिया आणि व्हेनिसमधून. बोहेमियातील याब्लोनेत्स हे गाव १९१८ नंतर चेकोस्लोव्हाकियात समाविष्ट झाले. याच गावातून काचेच्या बांगड्या आणि मणी भारतातही मोठ्या प्रमाणावर येत. म्हणजे पॅरिसच्या मेजवानीत चमकणारी काच आणि हिंदुस्थानातील एखाद्या बाजारात कासाराने हातावर चढवलेली बांगडी एकाच परिसरातील भट्ट्यांतून आलेली असू शके.

आरीचा परदेशप्रवास

एवढे मणी एकेक करून सुईने टाके घालत लावणे फारच वेळखाऊ झाले असते. त्यासाठी पॅरिसच्या कार्यशाळांत चौकटीवर ताणलेले कापड आणि टोकाला बारीक आकडा असलेली आरी वापरत. मणी आधी धाग्यात ओवून ठेवायचे, कापडाची उलटी बाजू वर घ्यायची आणि आरीने साखळीटाका घालत प्रत्येक टाक्यात एक मणी अडकवत जायचे. कारागिराला नक्षी उलट बाजूनेच दिसते. मणी खालच्या बाजूस, बोटांच्या स्पर्शावर बसवले जातात.

हे तंत्र युरोपला पूर्वेकडून मिळाले. कच्छमधील मोची समाज चामड्यावर आणि पुढे रेशमावर आरीने भरतकाम करीत असे. भारतातून आणि पूर्वेकडील देशांतून गेलेले अशा पद्धतीचे काम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजले. गोल चौकटीवरून त्याला तेथे ‘तांबूर’ म्हणजे ढोल असे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लूनेव्हिल या गावी मणी आणि टिकल्या लावण्यासाठी त्याचा खास उपयोग सुरू झाला. १९२४ मध्ये आल्बेर लेसाज याने मिशोने ही जुनी भरतकाम संस्था विकत घेतली आणि मादलेन व्हियोने हिच्यासारख्या नामवंत वेशरचनाकारांसाठी काम केले. रशियन क्रांतीनंतर परागंदा झालेल्या राजघराण्यातील मारिया पाव्हलोव्हना हिने १९२१ मध्ये ‘कित्मीर’ ही भरतकामशाळा काढली; शॅनेल ही तिची महत्त्वाची ग्राहक होती. चौकटीवर तासन्‌तास वाकून बसणाऱ्या शेकडो कारागीर स्त्रियांची नावे मात्र झग्याच्या पट्टीवर कधी आली नाहीत.

वैनगंगेकाठचे माग

विसाव्या शतकाच्या आरंभी भंडारा जिल्ह्याचा विस्तार आजच्यापेक्षा मोठा होता. गोंदिया जिल्हा त्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. नागपूरपासून सुमारे साठ किलोमीटर अंतरावरील भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. भंडारा, पवनी, मोहाडी आणि आंधळगाव येथील कोष्ट्यांचे माग रेशीमकाठी लुगडी, धोतरे आणि उपरणी विणत. जाडेभरडे कापड विणण्याचे काम या भागात महार समाजातील विणकरही करीत.

जिल्ह्याची दुसरी ओळख म्हणजे कोसा, अर्थात टसर रेशीम. तुतीच्या पानांवर घरात वाढणाऱ्या किड्याचे हे रेशीम नव्हे. टसरचा किडा ऐन आणि अर्जुन या जंगली झाडांवर उघड्यावर वाढतो. त्याचा टणक कोष देठासारख्या भागाने फांदीला लटकलेला असतो. पूर्व विदर्भात हे किडे जोपासण्याचे काम परंपरेने ढिवर समाजाकडे आहे. पक्षी, मुंग्या, अवकाळी पाऊस यांपासून झाडांवरील पीक राखत रानात मुक्काम करावा लागतो. कोष उकळून मऊ केल्यावर स्त्रिया त्यातून धागा काढत. टसरच्या पट्ट्यात हा धागा उघड्या मांडीवर वळण्याची रीत होती आणि त्यामुळे कातडी सोलवटून जाई.

कोशाच्या धाग्याला मुळातच मधासारखा रंग असतो आणि तो सहजासहजी जात नाही. म्हणूनच युरोपात त्याला दीर्घकाळ दुय्यम मानले गेले. इंग्लंडमधील लीक गावचा रंगारी टॉमस वॉर्डल याने टसर रंगवण्याच्या रीती शोधल्या आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात आपले नमुने मांडले. त्यानंतर ‘टसोर’ या नावाने भारतीय आणि चिनी रानरेशीम तेथील उन्हाळी कपड्यांत स्थिरावले. विदर्भात मात्र तोच मधाळ रंग पवित्र मानला जाई. पूजेच्या सोवळ्याला आणि लग्नकार्याला कोसाच लागे.

या कोशाच्या अंगाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला रंगीत काठ जोडला की करवतकाठी वस्त्र तयार होते. येथे ‘जोडला’ याचा अर्थ शिवला असा नाही. साडीच्या अंगासाठी एक आणि दोन्ही काठांसाठी प्रत्येकी एक, असे तीन धोटे मागावर चालतात. अंगाचा आडवा धागा काठाच्या सीमेवर काठाच्या धाग्यात गुंतवून परत फिरवला जातो. दाते पाडण्यासाठी तो काठाच्या ताण्यात पायरीपायरीने आत शिरतो आणि तसाच मागे येतो. काठ तुतीच्या रेशमाचा किंवा सुताचा, अंग कोशाचे. तरी दोन्ही मिळून एकच वस्त्र.

या कामात घरातील सगळ्यांचा हात लागे. कांड्या भरणे, ताण्याला खळ लावून पांजणी करणे ही कामे स्त्रियांची आणि मुलांची. मागावर बहुधा पुरुष बसे. मजुरी मिळे ती तयार नगाची, त्यामुळे स्त्रियांच्या श्रमाची वेगळी किंमत कोणी मोजत नसे.

नऊ वारांवरून पाच वारांवर

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. पाचवारी पातळ म्हणजे साडेचार मीटरांहून किंचित अधिक. कासोटा न घालता गोल नेसण्याच्या पद्धतीची मुळे मुंबईतही सापडतात. सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६० च्या दशकात मुंबईत राहिल्या, तेव्हा पारशी स्त्रियांची साडी पाहून त्यांनी आपली नवी नेसण बसवली आणि ती बंगालमार्गे देशभर पसरली. महाराष्ट्रात शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या तरुणींनी ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हळूहळू स्वीकारली. गोल नेसणे शिष्टसंमत आहे का, यावर घराघरांत वाद झाले. सासूच्या अंगावर नऊवारी आणि सुनेच्या अंगावर पाचवारी, हे दृश्य पुढे कित्येक वर्षे दिसत राहिले.

त्या काळातील मराठी स्त्रियांच्या वेशावर सर्वांत मोठी छाप पाडणारी व्यक्ती पुरुष होती. बालगंधर्व रंगभूमीवर जी लुगडी नेसत, जसा पदर घेत, जसा खोपा घालत, त्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने वस्त्रालंकारांवर सढळ हाताने खर्च केला. पॅरिसमध्ये स्त्रिया पुरुषी केशभूषा करीत होत्या, तेव्हा मराठी स्त्रिया एका पुरुषाकडून स्त्रीवेशाचे धडे घेत होत्या, ही त्या दशकाची एक गंमत.

प्रत्यक्ष फ्लॅपर वेश भारतात दिसला तो मुख्यतः बड्या शहरांतील पारशी, ख्रिस्ती, ज्यू आणि अँग्लो-इंडियन घरांत, संस्थानिकांच्या वर्तुळात आणि पडद्यावर. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स यांनी ‘सुलोचना’ या नावाने ‘टेलिफोन गर्ल’ (१९२६), ‘टायपिस्ट गर्ल’ (१९२६) आणि ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) या मूकपटांत आधुनिक, कमावत्या तरुणीची प्रतिमा उभी केली. पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी स्वतः टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली होती.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या आणि कुचबिहारच्या महाराणी इंदिरा राजे (१८९२-१९६८) यांनी निराळा मार्ग काढला. युरोपच्या उच्चभ्रू वर्तुळात वावरूनही त्यांनी झग्याऐवजी साडीच ठेवली. मात्र ती फ्रान्समध्ये तयार झालेल्या तलम शिफॉनची. त्यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी शिफॉन साडीच्या प्रथेचे श्रेय आपल्या आईलाच दिले आहे. मण्यांच्या झग्याचे झिरझिरीत कापड अशा रीतीने साडीच्या रूपाने भारतात आले आणि जड काठपदराच्या हातमाग लुगड्याला एक नवा प्रतिस्पर्धी मिळाला.

सामान्य घरांत प्रतिस्पर्धी होते ते गिरणीचे कापड. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली होती. सुरुवातीला हातमागांना तिचे स्वस्त सूत सोयीचे वाटले, पण गिरण्यांच्या कापडाने जाड वस्त्राची बाजारपेठ घेतली आणि अनेक विणकर त्याच गिरण्यांत मजूर झाले. काठासाठी लागणाऱ्या रेशमातही बदल झाला. १९२० च्या दशकात कृत्रिम रेशीम स्वस्तात येऊ लागले. फ्लॅपर तरुणींच्या पायमोज्यांना चमक देणारा हाच धागा भारतीय मागांवरही पोहोचला. तो दिसायला झळझळीत होता, परंतु त्याकाळचा तो धागा ओला झाला की कमकुवत होई.

किनार वर, किनार खाली

या दशकात भारतात वस्त्र हा केवळ आवडीचा विषय राहिला नव्हता. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. रेशमी परदेशी साड्या त्यात पडल्या आणि जाडीभरडी खादी प्रतिष्ठेची झाली. पॅरिसमध्ये जे दशक झगमगाटाचे, ते येथे निदान सार्वजनिक जीवनात साधेपणाचे ठरले. खादीचे भारी वजन आणि नऊ वारांची लांबी यांचा मेळ अनेकींना अवघड वाटे, तरी त्यांनी ती नेसली.

याहून महत्त्वाची घटना १९२७ ची. पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये झग्याची किनार त्या सुमारास सर्वांत वर, गुडघ्यापर्यंत गेली होती आणि तेच स्वातंत्र्याचे लक्षण समजले जात होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रियांपुढे भाषण केले. या स्त्रियांना लुगडे गुडघ्याच्या आसपास खोचूनच नेसावे लागे. गळ्यात आणि हातांत जड, स्वस्त धातूंचे ठराविक दागिने असत. वेशावरून जात ओळखू यावी, अशीच ती व्यवस्था होती. बाबासाहेबांनी त्यांना या खुणा टाकून देण्यास आणि इतर स्त्रियांप्रमाणे अंगभर लुगडे नेसण्यास सांगितले. स्त्रियांनी तेथेच नेसण बदलली. लक्ष्मीबाई टिपणीस यांनी त्यांना नव्या पद्धतीने लुगडे नेसण्यास मदत केली.

एकीकडे किनार वर गेली आणि दुसरीकडे ती घोट्यापर्यंत खाली आली. दोन्ही ठिकाणी नियम मोडला गेला आणि दोन्ही ठिकाणी तो स्त्रियांनी मोडला. वस्त्र किती आखूड यावरून स्त्री किती मोकळी हे ठरवण्याची सवय पाश्चात्त्य फॅशनच्या इतिहासाने लावली. महाडचा दाखला समोर ठेवला की ते मोजमाप अपुरे पडते. काय नेसावे हे दुसऱ्याने ठरवायचे की स्वतः, हा खरा प्रश्न होता.

झग्याचा अस्त

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ज्याँ पातू याने किनार पुन्हा खाली आणली होती आणि कंबर आपल्या जागी परतली होती. महामंदीत मण्यांच्या महागड्या कामाची मागणी आटली आणि अनेक कार्यशाळांचे काम गेले. नव्या दशकात अंगालगत उतरणारे, तिरक्या कापणीचे, साधे रेशमी झगे आले. जेमतेम दहा वर्षांत मण्यांचा झगा जुना झाला.

त्यातील थोडेच झगे आज धड स्थितीत आहेत. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय यांच्याकडे उत्तम नमुने आहेत, पण ते जपणे जिकिरीचे असते. मण्यांच्या वजनाने शिफॉन फाटते, म्हणून असा झगा कधीही टांगून ठेवत नाहीत. सपाट पेटीत आडवा ठेवतात. साखळीटाक्याचा एक धागा तुटला तर मण्यांची ओळच्या ओळ ओघळते. त्या काळच्या अनेक टिकल्या जिलेटिनच्या होत्या. ओलावा किंवा उष्णता लागली की त्या वितळतात, त्यामुळे असे वस्त्र पाण्यात घालता येत नाही.

करवतकाठी लुगड्याची गत निराळी झाली. त्याची नक्षी कापडावर लावलेली नसून विणीचाच भाग असल्याने ती गळून पडत नाही. अंग विरले तरी काठ टिके. तो कापून दुसऱ्या लुगड्याला किंवा चोळीला लावला जाई. मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आणि बाळाची दुपटी होत. वस्त्र संपेपर्यंत वापरण्याची ही रीत घरोघरी होती. तिच्यामुळेच शंभर वर्षांपूर्वीची अखंड लुगडी आज फारशी पाहायला मिळत नाहीत, हेही खरे.

आज काय उरले?

आरीचे वर्तुळ एका अर्थाने पूर्ण झाले आहे. पॅरिसच्या अनेक नामांकित संस्थांचे मणीकाम आणि भरतकाम आता भारतातील कारखान्यांत होते. लेसाज घराण्यातील ज्याँ-फ्रान्स्वा लेसाज यांनी १९९० च्या दशकात चेन्नईत भरतकामशाळा उभारली. मुंबईच्या चाणक्य या संस्थेने दिओरसाठी केलेल्या कामाची दखल म्हणून ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर दिओरचा मोठा फॅशन शो झाला. मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत चौकटीभोवती बसणाऱ्या आरी आणि जरदोजी कारागिरांना त्यातून काम मिळते. पण विकत घेणाऱ्याला दिसते ते नाव अजूनही पॅरिसचेच असते.

भंडाऱ्यात करवतकाठी वस्त्र टिकून आहे. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले असून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे आजही राज्याचा टसर पट्टा आहेत. मांडीवर धागा वळण्याच्या वेदनादायी पद्धतीऐवजी केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ हे छोटे यंत्र पुढे आणले आणि देशभरातील टसर पट्ट्यात ते वाटले जाऊ लागले. तरीही तीन धोट्यांचे काम संथ आहे, विणकराच्या हाती पडणारी रक्कम त्या मानाने थोडी आहे आणि नव्या पिढीला नागपूरची नोकरी अधिक खात्रीची वाटते. जंगल विरळ झाले की कोसाही घटतो, ही अडचण मागावर बसलेल्या माणसाच्या हातची नाही.

अशा वेळी खरे आणि नकली ओळखणारा ग्राहक महत्त्वाचा ठरतो. अस्सल करवती वस्त्रात काठाचा रंग निखळ असतो, कारण काठाला आडवा धागाही काठाचाच असतो. एकाच धोट्याने विणलेल्या स्वस्त नकलेत अंगाचा धागा काठातून आरपार जातो आणि काठाचा रंग मिसळलेला, फिकट दिसतो. काठ आणि अंग यांच्या सांध्यावर, विशेषतः उलट बाजूने, धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. कोशाच्या पोतात बारीक गाठी आणि कमीजास्त जाडी असणे हा दोष नव्हे. ती हाताने काढलेल्या धाग्याची खूण आहे.

कोशाचे वस्त्र जपणेही फारसे अवघड नाही. ते कडक उन्हात वाळवू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, जुन्या सुती मलमलीत गुंडाळावे आणि वर्षातून दोन-तीनदा घडी बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर रेशीम चिरत नाही. घरात आजी-पणजीचे करवतकाठी लुगडे असेल तर ते कापून त्याचा ड्रेस शिवण्यापूर्वी निदान त्याची लांबी, काठाची रुंदी आणि दात्यांची नक्षी नोंदवून छायाचित्र काढून ठेवावे. मागावरील नवी पिढी जुन्या नक्ष्या शोधते, तेव्हा बहुतेक वेळा अशा जपलेल्या काठांवरूनच त्या पुन्हा बसवता येतात.